साथीचे घड्याळ, क्षेपणास्त्राचे घड्याळ

५ फेब्रुवारी २०२० रोजी पंतप्रधानांच्या हस्ते लखनौत 'डिफेक्स्पो'चे उद्घाटन झाले. पाच दिवस वृंदावन योजनेच्या मैदानावर रणगाडे, तोफा आणि क्षेपणास्त्रे मांडलेली होती, आणि हजरतगंजपासून थोड्याच अंतरावर गोमतीच्या काठी सैन्यदलांची प्रात्यक्षिके चालू होती. त्याच्या सहाच दिवस आधी, ३० जानेवारीला, केरळमध्ये देशातला पहिला कोविड रुग्ण नोंदला गेला होता आणि त्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली होती. प्रदर्शनाचे मंडप उठून महिना झाला आणि ११ मार्चला लखनौचा पहिला रुग्ण सापडला. शस्त्रे आणि साथ एकाच शहरात, एकाच ऋतूत आली. पण त्या काळच्या बातम्या वाचल्या तर दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या पानांवर दिसतात. संरक्षणाचे पान निराळे, आरोग्याचे निराळे. ही दोन पाने एकत्र वाचणे हेच या प्रकरणाचे काम आहे.

त्यासाठी हजरतगंज ही सोयीची जागा आहे. नवाब अमजद अली शाहला लोक 'हजरत' म्हणत, त्यावरून या पेठेचे नाव पडले. त्याची कबरही इथल्याच सिब्तैनाबाद इमामबाड्यात आहे. आज मात्र हजरतगंज म्हणजे राज्य चालवणाऱ्या खात्यांचा शेजार. विधान भवन हाकेच्या अंतरावर. काकोरी खटला जिथे चालला ती इमारत आता मुख्य टपाल कार्यालय. सिव्हिल हॉस्पिटल याच वस्तीत. अशोक मार्गावर राज्याच्या वीज महामंडळाचे शक्ती भवन. दक्षिणेला छावणी, आणि छावणीत १९६३ पासून लष्कराच्या सेंट्रल कमांडचे मुख्यालय. उत्तराखंडच्या चीन सीमेची जबाबदारी याच मुख्यालयाकडे आहे. राज्याचा कारभार, रुग्णालय, वीज आणि सैन्य इतक्या थोड्या जागेत दाटलेले आहेत, की साथ आली तर ती एकट्या आरोग्य खात्याची राहू शकत नाही हे इथे नकाशावरच दिसते.

मला म्हणायचे आहे ते असे: साथीत सर्वांत मोलाची गोष्ट असते ती वेळ. रोग कोणता, कुठून आला, कुणामुळे आला, या प्रश्नांची उत्तरे मिळायला आठवडे, महिने, कधी वर्षे लागतात. अण्वस्त्रधारी शेजाऱ्यांमधला निर्णय मात्र मिनिटांत घ्यावा लागतो. या दोन घड्याळांमधले अंतर भरून काढणारी माणसे असतात: प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, निरीक्षक, पाळीवरचे अभियंते, दूरध्वनीच्या दोन टोकांना बसलेले अधिकारी. आणि साथ पहिला घाव घालते तो माणसांवरच.

पहिले घड्याळ कसे चालते ते मराठी वाचकाला बीड जिल्ह्यातून समजावून सांगता येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यातली माणसे पक्क्या घरात झोपायला घाबरत होती. घरे ओस पडली, धान्य आत राहिले आणि उंदरांना मोकळे रान मिळाले. ऑगस्ट १९९४ मध्ये बीडच्या मामला गावात पिसवांचा उपद्रव वाढला आणि मग काखेत, जांघेत गाठी आलेले रुग्ण दिसू लागले. गाठीचा प्लेग. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग फुटला. मृत्यू पन्नासच्या आसपासच झाले, पण लाखो माणसांनी सुरत सोडली, अनेक देशांनी भारताची विमाने थांबवली आणि निर्यात अडकली. हा खरोखर प्लेगच का, यावर डॉक्टरांमध्येच वाद सुरू झाला, कारण त्या वेळी देशात प्लेगचे जंतू खात्रीने ओळखणारी प्रयोगशाळांची साखळीच उरलेली नव्हती. जनुकीय पुरावा यायला वर्षे लागली. दरम्यान वृत्तपत्रांतून निराळीच शंका डोके वर काढत होती: हा जंतू कुणी मुद्दाम तर सोडला नसेल ना?

त्या शंकेला पुरावा मिळाला नाही. पण ती सुचली, छापली गेली आणि लोकांनी वाचली, हे विसरून चालणार नाही. त्या वर्षी उपखंडात उघड अण्वस्त्रचाचण्या झालेल्या नव्हत्या. त्या १९९८ च्या मेमध्ये झाल्या, पोखरणला आणि चगईला. आणि ४ जानेवारी २००३ रोजी भारत सरकारने आपले अण्वस्त्र धोरण प्रसिद्ध केले. 'प्रथम वापर नाही' हे त्यातले कलम सर्वांना पाठ आहे. त्याच धोरणातले आणखी एक कलम फारसे कुणी वाचत नाही. भारतावर किंवा जगात कुठेही भारतीय सैन्यावर जैविक अथवा रासायनिक अस्त्रांनी मोठा हल्ला झाला, तर अण्वस्त्रांनी प्रत्युत्तर देण्याचा पर्याय भारत राखून ठेवतो, असे ते कलम सांगते.

साथरोग आणि अणुबाँब यांना जोडणारा सर्वांत सरळ धागा हाच आहे. या कलमामुळे 'हा रोग नैसर्गिक की सोडलेला?' हा प्रयोगशाळेतला प्रश्न एका क्षणी राष्ट्राच्या अंतिम निर्णयाचा प्रश्न बनू शकतो. आणि त्या प्रश्नाचे उत्तर वेळेत मिळेल याची कुणीही हमी देऊ शकत नाही. कोविडचा विषाणू नेमका कुठून आला यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्लागार गटाला जून २०२५ मध्येही ठाम उत्तर देता आले नाही. पुरेशी माहिती चीनकडून मिळाली नाही, असे त्यांनी नोंदवले. साडेपाच वर्षे झाली होती. याउलट झिया मियाँ, आर. राजारामन आणि एम. व्ही. रमणा या भौतिकशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये गणित मांडले होते, की भारत आणि पाकिस्तान यांच्यातल्या काही क्षेपणास्त्रांचा प्रवास पाचेक मिनिटांत संपतो. पाच मिनिटे आणि साडेपाच वर्षे.

जैविक शस्त्रांवर बंदी घालणारा करार आहे; १९७२ मध्ये तो सह्यांसाठी खुला झाला आणि १९७५ पासून लागू आहे. भारत, पाकिस्तान, चीन तिघेही त्याचे सदस्य आहेत. पण करार पाळला जातो की नाही हे पाहणारी यंत्रणाच त्यात नाही. तशी यंत्रणा उभारण्याच्या वाटाघाटी २००१ मध्ये अमेरिकेने अंग काढून घेतल्यावर कोसळल्या. अणुऊर्जेसाठी व्हिएन्नात निरीक्षकांची फौज आहे, रासायनिक अस्त्रांसाठी हेगमध्ये आहे, जंतूंसाठी कुठेच नाही. ही उणीव मला या साऱ्या विषयातली सर्वांत गंभीर वाटते. संशय निवारण करणारा कुणी नसेल, तर संशय घेणाराच न्यायाधीश होतो.

आता माणसांकडे वळू. अण्वस्त्रांचा निर्णय शेवटी एखाद्या माणसाच्या हाती असतो, आणि त्या माणसालाही ताप येतो. ६ एप्रिल २०२० रोजी ब्रिटनचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन अतिदक्षता विभागात होते. २ ऑक्टोबर २०२० रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांना लष्करी रुग्णालयात हलवले गेले. त्यांना प्राणवायू आणि स्टेरॉइड दिले जात होते, तरीही अधिकार उपाध्यक्षांकडे सोपवण्यात आले नाहीत. आपल्या शेजारचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. २० मार्च २०२१ रोजी पाकिस्तानचे पंतप्रधान इम्रान खान बाधित झाल्याचे जाहीर झाले, आणि २९ मार्चला राष्ट्राध्यक्ष आरिफ अल्वी व संरक्षणमंत्री परवेझ खटक बाधित निघाले. पाकिस्तानच्या अण्वस्त्रांवर नियंत्रण ठेवणाऱ्या प्राधिकरणाचे अध्यक्ष पंतप्रधानच असतात. दहा दिवसांत देशाचे तीन सर्वोच्च पदाधिकारी विलगीकरणात गेले. आपल्याकडे गृहमंत्री ऑगस्ट २०२० मध्ये, उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री एप्रिल २०२१ मध्ये, आणि संरक्षणमंत्री, जे लखनौचेच खासदार आहेत, जानेवारी २०२२ मध्ये बाधित झाले.

भारताच्या २००३ च्या निवेदनात याचीही तजवीज होती. सर्व शक्यता गृहीत धरून आदेशाच्या पर्यायी साखळ्यांना मंजुरी दिल्याचे त्यात म्हटले आहे. ती साखळी कोणती, हे गुप्त आहे आणि गुप्तच असायला हवे. पण ज्यांनी ती आखली त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा शत्रूचा अचानक हल्ला असणार: एका क्षणात राजधानीवर घाव. साथ तशी येत नाही. ती एकाच बैठकीतल्या सर्वांना, मुख्य माणसाला आणि त्याच्या पर्यायाला, एकाच आठवड्यात अंथरुणात टाकते. आणि ज्या तापात निर्णयशक्ती शाबूत आहे असे रुग्णाला स्वतःला वाटते, तोच सर्वांत धोक्याचा.

सैनिकांच्या आजारपणाची गोष्ट जुनी आहे. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीजवळ पहारा देणारे पोलीस शिपाई तापाने पडले. युद्धावरून सैनिकांना घेऊन आलेल्या जहाजाशी तो ताप जोडला गेला. पुढच्या काही महिन्यांत हिंदुस्थानात सव्वा कोटीच्या आसपास, काही अंदाजांप्रमाणे त्याहून बरीच जास्त, माणसे गेली. संयुक्त प्रांत, म्हणजे आजचा उत्तर प्रदेश, होरपळलेल्या भागांपैकी एक होता. पुढे लखनौत राहिलेल्या कवी निरालांची पत्नी याच साथीत गेली. युद्धात गुंतलेल्या देशांनी साथीच्या बातम्या दडपल्या, तटस्थ स्पेनच्या वृत्तपत्रांनी त्या छापल्या, म्हणून जगाने रोगाला स्पेनचे नाव दिले. आपले सैन्य आजारी आहे हे शत्रूला कळू द्यायचे नाही, हा नियम तेव्हापासून आजतागायत टिकून आहे.

मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या 'थिओडोर रूझवेल्ट' या विमानवाहू युद्धनौकेवर हाच नियम पणाला लागला. अणुभट्ट्यांवर चालणारी ही नौका, तिच्यावर सुमारे ४,८०० माणसे, झोपण्याच्या जागा एकावर एक, जेवायला एकच रांग. संसर्ग पसरत गेला तेव्हा कप्तान ब्रेट क्रोझियर यांनी वरिष्ठांना पत्र लिहिले: आपण युद्धात नाही, खलाशांनी मरण्याचे कारण नाही, त्यांना उतरवू द्या. पत्र वृत्तपत्रांत पोहोचले आणि कप्तानाला पदावरून दूर करण्यात आले. पुढे हजाराहून अधिक खलाशी बाधित निघाले, एकाचा मृत्यू झाला, आणि नौका अनेक आठवडे ग्वामच्या बंदरात अडकली. त्याच सुमारास फ्रान्सच्या 'शार्ल द गोल' या अणुशक्तीवरच्या नौकेवरही हजारहून अधिक माणसे बाधित झाली. म्हणजे पाण्यावरचे दोन अणु-किल्ले एकाच महिन्यात निकामी झाले, आणि एकही गोळी सुटली नव्हती.

क्रोझियर बरोबर होते असे माझे मत आहे. आजार लपवला तर तो वाढतो. पण आजार उघड केला की प्रतिस्पर्धी हिशेब मांडू लागतो, हेही तितकेच खरे. लडाखमध्ये त्या वसंतात काय घडले ते पाहा. भारतीय लष्करातला पहिला कोविड रुग्ण लडाख स्काउट्सचा जवान होता, मार्च २०२० मध्ये. त्या वर्षी पूर्व लडाखमधला उन्हाळी सराव साथीमुळे लांबल्याच्या बातम्या आल्या. नव्याने येणाऱ्या तुकड्यांना आधी विलगीकरणात ठेवावे लागत होते. सीमेपलीकडे चिनी सैन्य सरावासाठी जमलेले होते, ते पुढे सरकले. १५ जूनच्या रात्री गलवान खोऱ्यात दगड, काठ्या आणि खिळे मारलेल्या दांड्यांनी झालेल्या मारामारीत आपले २० जवान गेले. चीनने आपल्या चार सैनिकांचा मृत्यू पुढच्या फेब्रुवारीत मान्य केला. गलवानची कारणे अनेक आहेत, रस्ता, पूल, जुन्या दाव्यांची भांडणे. साथीने भांडण निर्माण केले नाही. पण दोन अण्वस्त्रधारी देशांचे सैनिक १९७५ नंतर पहिल्यांदा प्रत्यक्ष ताबारेषेवर एकमेकांना ठार मारत होते, तेव्हा दोन्ही देशांची शहरे रोगाशी झुंजत होती, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

निरीक्षकांचे काय झाले, ते थोडक्यात पण नीट पाहायला हवे. अमेरिका आणि रशिया यांच्यातल्या 'न्यू स्टार्ट' करारानुसार दोघांना एकमेकांच्या तळांवर वर्षाला १८ वेळा जाऊन अण्वस्त्रे मोजता येत. मार्च २०२० मध्ये साथीमुळे या भेटी थांबल्या. तात्पुरत्या. त्या पुन्हा कधीच सुरू झाल्या नाहीत: ऑगस्ट २०२२ मध्ये रशियाने नकार दिला, फेब्रुवारी २०२३ मध्ये करारातला सहभागच स्थगित केला, आणि ५ फेब्रुवारी २०२६ ही कराराची अखेरची तारीख होती. युक्रेनचे युद्ध हे खरे कारण, पण दार साथीनेच बंद केले होते. युद्धाने त्याला फक्त कुलूप लावले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने मात्र हार मानली नाही. प्रवासी विमाने बंद झाल्यावर निरीक्षकांना नेण्यासाठी तिने इतिहासात प्रथमच स्वतः विमाने भाड्याने घेतली. हीच संस्था शंभराहून अधिक देशांना कोविडचे आरटी-पीसीआर संच पुरवत होती, कारण या चाचणीची मुळे किरणोत्सारी खुणा वापरून केलेल्या संशोधनात आहेत. अणुविज्ञान आणि रोगनिदान एकाच घरात नांदतात, हे आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्रानेही त्या काळात उच्च दर्जाचे मास्क विकसित करून दाखवले.

हजरतगंजच्या अशोक मार्गावर परत येऊ, वीज महामंडळाच्या दाराशी. ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे मालवायचे आवाहन झाले होते. टाळेबंदीमुळे कारखाने बंद असल्याने विजेची मागणी आधीच खूप खाली होती, त्यात एकदम घट झाली तर ग्रीड कोसळेल अशी भीती महाराष्ट्राचे तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी जाहीरपणे बोलून दाखवली. उत्तर प्रदेशच्या भारप्रेषण केंद्राने राज्यात तीन हजार मेगावॉटची घट अपेक्षित धरून आठ वाजल्यापासूनच टप्प्याटप्प्याने भार कमी करण्याची तयारी केली. देशात बारा ते चौदा हजार मेगावॉट मागणी घटेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात ती सुमारे ३१,००० मेगावॉटने घटली. जलविद्युत केंद्रांनी क्षणाक्षणाला पाणी कमीजास्त करून तोल सांभाळला. नियंत्रण कक्षातली माणसे कामावर होती, म्हणून ग्रीड टिकले.

याचा अणुभट्टीशी संबंध असा. भट्टी बंद केली तरी ती लगेच थंड होत नाही. बंद केल्या क्षणी तिच्यात मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता निर्माण होत असते, एका दिवसानंतरही अर्धा टक्का उरते. ती काढून टाकायला पंप लागतात, पंपांना वीज लागते, आणि ती वीज बाहेरच्या ग्रीडमधून येते. उत्तर प्रदेशात, हजरतगंजपासून सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या आत, बुलंदशहर जिल्ह्यात गंगेच्या काठी नरोरा अणुविद्युत केंद्र आहे. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे तिथल्या पहिल्या संचाच्या टर्बाइनची दोन पाती तुटली. कंपनांनी हायड्रोजन गळला, तेलाने पेट घेतला, आणि मुख्य व राखीव विजेच्या केबली शेजारी शेजारी असल्याने सगळ्या एकदम जळाल्या. भट्टी तर बंद झाली, पण सतरा तास केंद्रात वीज नव्हती. कर्मचाऱ्यांनी डिझेलवरचे अग्निशमन पंप चालवून पाणी आत सोडले. काहीजण हातात बॅटऱ्या घेऊन अंधारात इमारतीच्या वरच्या मजल्यांवर चढले, झडपा हातांनी उघडल्या आणि भट्टी पुन्हा पेटू नये म्हणून बोरॉनचे द्रावण आत सोडले. किरणोत्सार बाहेर पडला नाही.

ती रात्र यंत्रांनी नव्हे, कुशल हातांनी सावरली. नरोराबद्दल वाचताना मला दर वेळी एकच प्रश्न पडतो: त्या पाळीतली निम्मी माणसे विलगीकरणात असती तर? झडप कोणती, जिना कुठला, अंधारात किती पायऱ्या, हे माहीत असलेला माणूस एका आठवड्यात तयार होत नाही. २०२० च्या मार्चमध्ये ब्रिटनच्या सेलाफील्डमध्ये सुमारे ११,५०० कर्मचाऱ्यांपैकी आठ टक्के घरी अडकल्याबरोबर व्यवस्थापनाने इंधन पुनर्प्रक्रियेचा एक कारखाना शिस्तीत बंद केला. हा शहाणा निर्णय होता. अमेरिकेच्या नियामकाने उलट वाट धरली. अणुकेंद्रांना कर्मचाऱ्यांकडून आठवड्याला ८६ तासांपर्यंत काम करवून घेण्याची सवलत देऊ केली. थकलेल्या माणसाच्या हाती भट्टी देण्यापेक्षा ती थंड करून ठेवणे केव्हाही चांगले. माणसे कमी पडली तर कोणते संच आधी बंद करायचे, ही यादी प्रत्येक केंद्राकडे साथीच्या आधीपासून लिहून तयार हवी.

आणि मग एप्रिल २०२१. लखनौमध्ये ज्यांनी तो महिना काढला त्यांच्याशी बोलताना अजूनही आवाज बदलतात. रुग्णालयांसमोर गाड्यांतच रुग्ण थांबलेले, सिलिंडरच्या रांगा, भैंसाकुंडच्या स्मशानभूमीभोवती पत्रे उभारले गेले. १९ एप्रिलला देशातली पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस रिकामे टँकर घेऊन आपल्या कळंबोलीहून विशाखापट्टणमला निघाली होती. २४ एप्रिलला बोकारोहून प्राणवायू घेऊन तशीच गाडी लखनौत पोहोचली. हवाई दलाची मालवाहू विमाने रिकामे टँकर उचलून नेत होती. ५ मे रोजी अवध शिल्पग्रामात पाचशेहून अधिक खाटांचे रुग्णालय सुरू झाले. ते उभारले होते संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेने, म्हणजे अग्नी क्षेपणास्त्रे बनवणाऱ्या डीआरडीओने, आणि तिथे सेवा दिली सैन्याच्या वैद्यकीय पथकांनी. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत उभारलेल्या, मिनिटाला हजार लिटर प्राणवायू देणाऱ्या संयंत्रांचे तंत्रही तेजस लढाऊ विमानात वैमानिकासाठी केलेल्या व्यवस्थेतून आले होते.

सैन्याने मदत केली याचा अभिमान वाटतो, वाटायलाच हवा. पण हिशेबही मांडायला हवा. तीच विमाने, तेच डॉक्टर, तेच अभियंते सीमेवरच्या तयारीचाही कणा असतात. आणि दुसरा हिशेब अधिक कठोर आहे. लखनौ हे मोठ्या वैद्यकीय संस्थांचे शहर: किंग जॉर्ज विद्यापीठ, संजय गांधी संस्था, बलरामपूर रुग्णालय, हजरतगंजचे सिव्हिल. श्वासाच्या आजाराने, दिवसादिवसाने वाढत गेलेल्या गर्दीनेही ही व्यवस्था तीन आठवड्यांत मोडकळीला आली. एखाद्या शहरावर एक जरी अणुबाँब पडला, तर भाजलेले, चिरडलेले आणि किरणोत्साराने ग्रासलेले हजारो लोक एका तासात येतील, आणि खुद्द डॉक्टर, परिचारिका, रुग्णालये त्यातच सापडलेली असतील. जगभरच्या डॉक्टरांची अणुयुद्धविरोधी संघटना हे १९८० पासून सांगते आहे. १९८५ चे शांततेचे नोबेल तिला त्यासाठीच मिळाले. किरणोत्साराने हाडांतली मज्जा मरते, पांढऱ्या पेशी घसरतात आणि काही आठवड्यांतच साधा जंतूही प्राणघातक ठरतो. पाण्याच्या वाहिन्या फुटलेल्या, लसी पोहोचत नाहीत, छावण्यांत गर्दी. बाँबनंतर साथ येणारच. साथीनंतर बाँब येऊ नये, एवढेच आपल्या हाती आहे.

त्या हाती असलेल्या गोष्टी थोड्या नाहीत. भारत आणि पाकिस्तानने ३१ डिसेंबर १९८८ रोजी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला, आणि १९९२ पासून दर १ जानेवारीला दोघे अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिलनंतर, बालाकोटनंतर आणि २०२१ व २०२२ च्या साथीच्या जानेवारीतही याद्या दिल्या गेल्या. १५ मार्च २०२० रोजी सार्क देशांचे नेते साथीसाठी दूरदृश्य बैठकीत एकत्र आले, पाकिस्तानचा प्रतिनिधीही होता. २५ फेब्रुवारी २०२१ रोजी, दोन लाटांच्या मधल्या शांततेत, दोन्ही सैन्यांच्या कारवाई महासंचालकांनी ताबारेषेवर शस्त्रसंधी पाळण्याचे संयुक्त निवेदन काढले आणि तोफा शांत झाल्या. इच्छा असली की साथीतही बोलता येते.

आणि बोलले नाही तर काय होते तेही दिसले. ९ मार्च २०२२ रोजी भारताचे एक ब्रह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात १२४ किलोमीटर आत मियाँ चन्नूजवळ पडले. त्यावर स्फोटक अस्त्र नव्हते, जीवितहानी झाली नाही. भारताने दोन दिवसांनी तांत्रिक बिघाड झाल्याचे सांगून खेद व्यक्त केला आणि ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना सेवेतून काढले. आपल्याला लगेच हॉटलाइनवरून का कळवले नाही, हा पाकिस्तानचा मुख्य आक्षेप होता. बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांची आधी सूचना देण्याचा २००५ चा करार दोन्ही देशांत आहे, पण ब्रह्मोससारखी क्रूझ क्षेपणास्त्रे त्यात येत नाहीत. याच ब्रह्मोसच्या कारखान्याची पायाभरणी २६ डिसेंबर २०२१ रोजी लखनौत झाली होती, ११ मे २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्याच्या आदल्या दिवशी, १० मे रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी, पाकिस्तानच्या कारवाई महासंचालकांचा दूरध्वनी भारतीय महासंचालकांना आला होता आणि दोन्ही देशांतला चार दिवसांचा लष्करी संघर्ष थांबला होता.

त्या तारेवरून लष्कर बोलते. रोगाबद्दल बोलायला अशी तार नाही. पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था आणि इस्लामाबादची राष्ट्रीय आरोग्य संस्था यांच्यात थेट, चोवीस तास चालू असलेला दूरध्वनी हवा. अनोळखी जंतू सापडल्यास त्याचा जनुकीय क्रम ठरावीक तासांत एकमेकांना पाठवण्याचा करार हवा. दर १ जानेवारीला अणुकेंद्रांच्या यादीबरोबर दोन्ही देशांतल्या सर्वोच्च सुरक्षा-स्तराच्या जैवप्रयोगशाळांचीही यादी जावी. आणि २००५ च्या करारात क्रूझ क्षेपणास्त्रांचा एक परिच्छेद वाढवावा. चीनबरोबरही यातल्या पहिल्या दोन गोष्टी करता येतील. यातल्या कशालाही सीमाप्रश्न सुटण्याची वाट पाहावी लागत नाही; याद्यांचा करार झाला तेव्हाही काश्मीरचा प्रश्न तसाच होता.